डॅनव्हिलचा डॉक्टर आणि त्याची जेन

तालुक्याच्या गावी बायकांचा दवाखाना चालवणाऱ्या कोणाही डॉक्टरला एक चित्र ओळखीचे असते. चाळिशी ओलांडलेली बाई, पोट मोठे दिसते, शेजारणी म्हणतात, उशिराने का होईना दिवस गेले. महिने भरतात, उलटतात, पाळणा काही हलत नाही. मग कोणीतरी तिला बैलगाडीत नाही तर एस.टी.त घालून आणते. तपासावे तर मूल नव्हे, अंडाशयाची गाठ! पस्तीस वर्षांच्या व्यवसायात अशा कितीतरी गाठी मी काढल्या. भूल देणारे डॉक्टर शेजारी, रक्ताची बाटली तयार. ही वाट पहिल्यांदा कोणी पाडली, असा प्रश्न मला कधी पडला नव्हता.

तो पडला निवृत्तीनंतर, मुलीकडे अमेरिकेत केंटकी राज्यातल्या लुईव्हिलला गेले होते तेव्हा. एका रविवारी जावयांनी गाडी काढली आणि आम्ही डॅनव्हिल नावाच्या टुमदार गावी गेलो. तिथे एक जुने घर संग्रहालय म्हणून जपले आहे, शेजारी औषधांचे जुने दुकान. हे डॉ. एफ्रेम मॅकडॉवेल यांचे घर. पोट उघडून अंडाशयाची गाठ काढण्याची, रुग्ण वाचल्याची नोंद असलेली पहिली शस्त्रक्रिया याच गावात १८०९ साली झाली.

मॅकडॉवेल यांचा जन्म १७७१ चा, व्हर्जिनियातला. वडील पुढे न्यायाधीश झाले आणि १७८४ मध्ये कुटुंब डॅनव्हिलला आले. तेव्हा तो मुलूख म्हणजे जंगल तोडून नुकता वसलेला. मुलाने आधी व्हर्जिनियात एका डॉक्टरांच्या हाताखाली उमेदवारी केली आणि मग थेट स्कॉटलंडमधले एडिंबरो गाठले. तिथे जॉन बेल या नामवंत सर्जनची व्याख्याने ऐकली. पदवी मात्र न घेताच १७९५ मध्ये स्वारी गावी परतली. मोठ्या शहरात बस्तान बसवणे अवघड नव्हते, पण त्यांनी डॅनव्हिल सोडले नाही. घोड्यावर बसून दूरदूरच्या वस्त्यांवर जायचे, हाडे बसवायची, खडे काढायचे. १८१२ मध्ये एका सतरा वर्षांच्या मुलाच्या मूत्राशयातला खडा त्यांनी काढला. तो मुलगा जेम्स पोक, पुढे अमेरिकेचा अध्यक्ष झाला.

पण त्यांचे नाव राहिले ते जेन टॉड क्रॉफर्ड या शेतकरी बाईमुळे. १८०९ च्या डिसेंबरात सुमारे साठ मैलांवरून त्यांना बोलावणे आले. बाई पंचेचाळीस-सेहेचाळीस वर्षांची, मुलाबाळांची. दिवस भरून गेले तरी बाळंत होत नाही, अशी तक्रार. मॅकडॉवेल यांनी तपासले आणि ओळखले, की हे बाळंतपण नाही, गाठ आहे.

या क्षणी त्यांनी जे केले, ते मला शस्त्रक्रियेहूनही मोठे वाटते. त्या काळी पोट उघडले की माणूस गेलाच, असे सर्वच मोठे सर्जन मानत. मॅकडॉवेल यांनी हे जेनपासून लपवले नाही. असा प्रयोग यशस्वी झाल्याचे माहीत नाही, धोका जिवाचा आहे, तरीही तयारी असेल तर डॅनव्हिलला यावे लागेल, हे सारे त्यांनी तिलाच सांगितले. निर्णय तिच्यावर सोपवला. आणि ती निघाली! कडाक्याच्या थंडीत, घोड्यावरून, साठ मैल. गाठीचे ओझे खोगिराच्या पुढच्या उंचवट्यावर टेकलेले. त्या घासण्याने पोटावर काळानिळा डाग पडला होता, असे डॉक्टरांनीच नोंदवून ठेवले आहे.

तो दिवस नाताळचा होता, असे परंपरेने सांगतात. भूल देण्यासाठी ईथर यायला अजून सदतीस वर्षे होती, जंतुनाशकांविषयीचे लिस्टर यांचे लेख तर १८६७ चे. मदतीला पुतण्या, तोही डॉक्टर. नऊ इंचांचा छेद घेतला तशी आतडी टेबलावर आली. गाठ एवढी मोठी, की अखंड निघेना. आधी बीजनलिकेभोवती दोरा आवळला, गाठ फोडून आतला पंधरा पौंडांचा बुळबुळीत गाळ काढला, मग साडेसात पौंडांची पिशवी. सारे मिळून साडेबावीस पौंड, म्हणजे दहा किलोंच्या वर. पंचवीस मिनिटांत काम आटोपले. जेन त्या वेळात बायबलमधली स्तोत्रे म्हणत होती, असे सांगितले जाते. पाचव्या दिवशी डॉक्टर पाहायला गेले, तर बाईसाहेब उठून स्वतःचे अंथरूण आवरत होत्या! पंचविसाव्या दिवशी ती घरी गेली आणि पुढे बत्तीस वर्षे जगली.

दुसरा कोणी असता तर लगेच डंका पिटला असता. मॅकडॉवेल आणखी दोन शस्त्रक्रिया होईपर्यंत थांबले आणि १८१७ मध्ये तीन रुग्णांची हकिगत फिलाडेल्फियाच्या नियतकालिकात छापली. तीही अगदी त्रोटक. एक प्रत गुरू बेल यांना धाडली, पण ते इटलीत होते, तिथेच १८२० मध्ये वारले. लंडनच्या एका वैद्यकीय संपादकाने तर या रानातल्या डॉक्टरची खिल्ली उडवली. काही वर्षांनी त्याने जाहीर माघार घेतली. १८२५ मध्ये मेरीलँड विद्यापीठाने मॅकडॉवेल यांना सन्माननीय पदवी दिली आणि १८३० मध्ये, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी, ते पोटाच्याच दुखण्याने गेले. ते अपेंडिक्स असावे, असे आज मानतात. पोट उघडून अपेंडिक्स काढण्याचे दिवस यायला अजून अर्धशतक होते.

१९२९ मध्ये वॉशिंग्टनच्या संसद भवनात त्यांचा पुतळा बसला. मनात आले, इथेच गोष्ट संपवावी. पण संपवता येत नाही.

त्या १८१७ च्या लेखातल्या दुसऱ्या आणि तिसऱ्या रुग्ण कृष्णवर्णीय स्त्रिया होत्या. केंटकीत तेव्हा गुलामगिरी होती, खुद्द मॅकडॉवेल यांच्या घरीही गुलाम होते. जेनचे नाव आज डॉक्टरांच्या बरोबरीने घेतले जाते. या दोघींची नावे त्या लेखात नाहीत. जेनला विचारले गेले. त्यांना कोणी विचारले असेल? गुलाम बाईच्या हो म्हणण्याला काय अर्थ होता, जिथे नाही म्हणण्याची सोयच नव्हती? वेदना मात्र तीच, भुलीवाचूनची. आणि त्या टेबलावर झोपल्या नसत्या, तर जेनचे वाचणे हा केवळ एक योगायोग ठरला असता.

परतताना गाडीत मी गप्पच होते. मुलीला वाटले, आई दमली. मला माझी सुरुवातीची वर्षे आठवत होती. गाठ बाईची, पण बोलणे व्हायचे नवऱ्याशी नाही तर सासऱ्याशी. कागदावर अंगठा त्यांचा. ती बिचारी पडद्यापलीकडे. तिला काय समजणार, असे मीही म्हणत असे, बाई असून! भुलीची सोय होती, रक्त होते, प्रतिजैविके होती. फक्त पाच मिनिटे तिच्याजवळ बसून खरे सांगण्याला मला सवड नव्हती. पुढे शहाणपण आले, पण उशिरा.

आज दुर्बिणीतून, बोटभर छिद्रातून गाठी निघतात. हात तर यंत्रालाही शिकवता येतो. पण दोनशे वर्षांपूर्वीच्या त्या हिवाळ्यात एका खेड्यातल्या डॉक्टरने रुग्णाला खरे सांगितले आणि तिचे उत्तर ऐकायला तो थांबला. त्याचा वारसा मी शोधते तो इथे. आणि तो स्वतः जिथे थांबायला चुकला, तिथेही.