कृष्णभक्त नृपती श्रीमंत तुकोजीराव महाराज पवार (तिसरे)

माळव्यातील धार आणि देवास ही दोन्ही संस्थाने मराठी पवार घराण्याची. त्यांपैकी देवासच्या थोरल्या पातीचे अधिपती श्रीमंत तुकोजीराव महाराज तिसरे यांचा जन्म १८८८ साली झाला. १८९९ मध्ये, वयाच्या अवघ्या अकराव्या वर्षी, ते गादीवर आले.

१९०८ साली कोल्हापूरच्या छत्रपती शाहू महाराजांच्या कन्येशी त्यांचा विवाह झाला व १९१० मध्ये पुत्ररत्नही लाभले. परंतु संसारसुख त्यांच्या ललाटी नव्हते. राणीसाहेब लवकरच माहेरी गेल्या, त्या कायमच्याच. अंतःकरणास झालेल्या या जखमेवर महाराजांनी भगवान श्रीकृष्णाच्या चरणी विसावा शोधला, असे म्हटल्यास वावगे ठरू नये.

देवासचा गोकुळाष्टमीचा उत्सव हा या भक्तीचा कळस होय. त्या दिवसांत महाराज राजवैभव बाजूस सारून जुन्या वाड्यात राहत, अनवाणी वावरत आणि गळ्यात तंतुवाद्य अडकवून देवापुढे भजनात नाचत. मध्यरात्री जन्मसोहळा होई. अखेरच्या दिवशी मातीचे गोकुळ मिरवत नेऊन तळ्यात विसर्जित केले जाई. १९२१ साली महाराजांचे खासगी चिटणीस असलेले इंग्रज साहित्यिक ई. एम. फॉर्स्टर यांनी हा सोहळा प्रत्यक्ष पाहिला. त्यांच्या १९२४ च्या विख्यात कादंबरीतील जन्माष्टमीचे वर्णन त्यावरूनच स्फुरले. देवासच्या टेकडीवरील देवीचे नाव तर त्यांनी १९५३ च्या आपल्या आठवणींच्या ग्रंथासच दिले.

तथापि, दैवाने महाराजांचा पिच्छा सोडला नाही. १९२७ च्या अखेरीस पितापुत्रांत बेबनाव होऊन युवराज विक्रमसिंहराव देवास सोडून गेले. इकडे संस्थानचा खजिना रिता होत चालला होता. इंग्रज सरकारने कारभारात हात घालण्याचे ठरविताच १९३३ साली महाराज तीर्थयात्रेच्या निमित्ताने दक्षिणेस गेले आणि फ्रेंच अमलाखालील पाँडिचेरीत राहिले. तेथेच १९३७ साली, स्वराज्यापासून दूर, त्यांनी देह ठेवला. त्यांच्यामागे गादीवर आलेले युवराज पुढे १९४७ मध्ये कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेले.

महाराजांच्या भक्तीत दंभ नव्हता. उणीव राहिली ती व्यवहाराच्या दक्षतेची. देवापुढे देहभान विसरावे, परंतु देवाच्या व प्रजेच्या द्रव्याचा हिशेब विसरू नये, हा बोध देवकार्याची धुरा वाहणाऱ्या प्रत्येक महाजन कुटुंबाने या चरित्रापासून अवश्य घ्यावा.