विल्यम विल्गस : नदीच्या तळाशी रेल्वे ठेवणारा अभियंता



बोगदा म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? डोंगर पोखरणारी माणसं, सुरुंग, नाहीतर आजचं ते अजस्र यंत्र. पण बोगदा जमिनीवर तयार करून, पाण्यावर तरंगत नेऊन, नदीच्या तळाशी ठेवता येतो, असं मुलांना सांगून बघा. वर्गात हमखास हशा पिकेल! ज्यांनी हे रेल्वेसाठी करून दाखवलं, त्या विल्यम जॉन विल्गस यांची आज ओळख करून घेऊ.

विल्गस यांचा जन्म 1865 साली अमेरिकेतील बफेलो शहरात झाला. अभियांत्रिकीची पदवी त्यांच्याकडे नव्हती. शाळेनंतर गावातल्याच एका अभियंत्याच्या हाताखाली त्यांनी दोन वर्षं काम शिकलं आणि कॉर्नेल विद्यापीठाचा आरेखनाचा अभ्यासक्रम टपालाने पूर्ण केला. पुढे रेल्वेत एकेक पायरी चढत 1899 मध्ये ते न्यूयॉर्क सेंट्रल रेल्वेचे मुख्य अभियंता झाले.

1902 च्या जानेवारीत न्यूयॉर्कच्या बोगद्यात वाफेच्या इंजिनांच्या धुरामुळे सिग्नल दिसला नाही. गाड्यांची टक्कर झाली आणि पंधरा प्रवासी जागीच गेले. त्यानंतर शहरातल्या गाड्या विजेवर आणायच्या आणि ग्रँड सेंट्रल स्थानक नव्याने, जमिनीखाली दोन मजल्यांत उभारायचं, ही योजना विल्गस यांनी मांडली. रुळांच्या वरची मोकळी जागा इमारतींसाठी देऊन खर्च भरून काढायचा, ही कल्पनाही त्यांचीच.

आता येऊ डेट्रॉइट नदीकडे. नदीच्या एका काठावर अमेरिकेचं डेट्रॉइट, दुसऱ्या काठावर कॅनडाचं विंडसर. रेल्वेचे डबे बोटींवर चढवून पलीकडे न्यावे लागत. हिवाळ्यात बर्फ साचला की सगळं अडायचं. पूल बांधावा तर जहाजवाल्यांचा विरोध. 1870 च्या दशकात तळाखालून खोदायचा प्रयत्न झाला होता, पण विषारी वायू निघाल्याने तो सोडावा लागला. शेवटी या कामाच्या सल्लागार अभियंता मंडळाचे अध्यक्ष म्हणून विल्गस यांनी वेगळाच मार्ग निवडला. प्रत्यक्ष बांधकामाचे मुख्य अभियंता होते विल्यम किनिअर.

हे काम कसं झालं, ते नीट समजून घ्या. आधी नदीच्या तळाशी लांबलचक चर खणला. दुसरीकडे, किनाऱ्यावर पोलादी पत्र्याच्या जोडनळ्या तयार केल्या, एकेक तुकडा सुमारे 260 फूट लांब. दोन्ही तोंडं लाकडी फळ्यांनी बंद केली. आत हवा असल्याने नळ्या तरंगल्या, ओढून जागेवर आणल्या. मग आत पाणी सोडून त्या हळूहळू चरात उतरवल्या. पाणबुड्यांनी खाली जाऊन जोड आवळले.

इथे मुलांना एक प्रश्न जरूर विचारा : आतलं पाणी उपसलं की नळी पुन्हा वर येणार नाही का? येणारच! म्हणून पाणी उपसण्याआधी नळीच्या भोवती, पाण्याखालीच, नळाने काँक्रीट ओतलं. त्या वजनाने नळी तळाशी बसली. मग पाणी काढून आतून काँक्रीटचा दुसरा थर दिला. पोलादाने पाणी अडवलं आणि आकार दिला. काँक्रीटने वजन आणि ताकद दिली. एकट्या पोलादाला किंवा एकट्या काँक्रीटला हे तितकं सोपं नव्हतं.

पण 1907 हे वर्ष विल्गस यांच्यासाठी कठीण होतं. त्यांनी आणलेल्या विजेच्या गाड्या नुकत्याच धावू लागल्या होत्या. फेब्रुवारीत त्यातली एक गाडी वळणावर रुळांवरून घसरली. वीसहून अधिक माणसं मेली. लोकांचा जीव वाचावा म्हणून जी योजना आखली, तिच्याच गाडीत माणसं जावीत, याहून मोठं दुःख अभियंत्याला काय असणार? त्याच वर्षी विल्गस यांनी रेल्वेची नोकरी सोडली. आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये डेट्रॉइट नदीत पहिली नळी तळाला टेकली.

1910 मध्ये बोगद्यातून गाड्या सुरू झाल्या. आजही तिथून मालगाड्या जातात. 1913 मध्ये ग्रँड सेंट्रल उघडलं, तेव्हा विल्गस त्या नोकरीत नव्हते. पहिल्या महायुद्धात त्यांनी फ्रान्समध्ये अमेरिकन सैन्याच्या रेल्वे वाहतुकीचं काम पाहिलं. 1949 मध्ये त्यांचं निधन झालं. 2024 साली चीनमध्ये खुल्या झालेल्या शेन्झेन–झोंगशान मार्गाच्या समुद्राखालच्या बोगद्यात असे 32 तुकडे आहेत, पोलादी कवच आणि आत काँक्रीट. पद्धत पुष्कळ सुधारली, मूळ विचार तोच.

घरी किंवा वर्गात एवढं करा : झाकण लावलेली रिकामी बाटली बादलीत सोडा, मग थोडी थोडी वाळू भरत ती कधी बुडते ते मुलांना पाहू द्या. आर्किमिडीजचं तत्त्व पाठ करायची गरजच उरणार नाही.

आणि पालकहो, एखाद्या परीक्षेत गुण कमी पडले म्हणून मुलाची वाट संपली असं समजू नका. टपालाने आरेखन शिकलेल्या माणसाने नदीखाली ठेवलेली वाट शंभर वर्षांनंतरही चालू आहे.