पंधरा वर्षांचं पोर एक खटका ओढायचं आणि रंगमंचावरचा अख्खा महाल गायब व्हायचा

नाटकात प्रवेश बदलताना अंधार होतो आणि काळ्या कपड्यांतली माणसं सेट हलवतात, हे आपण पाहिलेलं असतं. पण १६४१ साली व्हेनिसमधल्या प्रेक्षकांसमोर हेच काम भर उजेडात, काही क्षणांत झालं. ते करणारा माणूस होता जाकोमो तोरेल्ली. लोक त्याला जादूगार म्हणायला लागले.

तोरेल्लीचा जन्म १६०८ चा, इटलीच्या किनाऱ्यावरच्या फानो गावचा. व्हेनिसमध्ये तेव्हा ऑपेराची हवा होती. तिथल्या तेआत्रो नोविस्सिमो या नव्या नाट्यगृहाची यंत्रं त्याच्याकडे आली.

तोवर अडचण अशी होती की रंगवलेल्या विंगा माणसं हातांनी ढकलायची. जितक्या विंगा तितके हात. एक जण उशिरा हलला की अर्धा महाल, अर्धं जंगल.

तोरेल्लीने सगळा कारभार रंगमंचाच्या पोटात नेला. फळ्यांमध्ये लांब फटी ठेवल्या. विंगेचा खांब फटीतून खाली जायचा आणि तळघरातल्या चाकांच्या गाड्यावर उभा राहायचा. गाडे जोडीने, एक पुढे आला की दुसरा मागे. सगळ्या गाड्यांचे दोर एकाच मोठ्या आडव्या रहाटाला बांधलेले आणि त्या रहाटाला एक जड वजन टांगून अडकवलेलं. खटका सोडला की वजन खाली, रहाट फिरला, सगळ्या विंगा एकदम बदलल्या. ताकद वजनाची, माणसाने फक्त अडसर काढायचा. म्हणून त्या काळच्या वर्णनात हे काम करणारा पंधरा वर्षांचा पोरगा आहे.

ही कीर्ती ऐकून १६४५ मध्ये फ्रान्सच्या राजदरबाराने त्याला पॅरिसला बोलावलं. प्ती-बूर्बाँ नाट्यगृहात त्याने आपली यंत्रं बसवली. १६५० मध्ये कॉर्नेयच्या 'आंद्रोमेद'मध्ये त्याने देव आकाशातून उतरवले.

मग १६५९ मध्ये गास्पारे विगारानी हा दुसरा इटालियन आला. पुढच्याच वर्षी प्ती-बूर्बाँ पाडलं गेलं. तोरेल्लीचं सामान नव्या नाट्यगृहात वापरतो म्हणून विगारानीने ताब्यात घेतलं आणि जाळून टाकलं. हेवा म्हणा, दुसरं काय! (विगारानीने बांधलेल्या नाट्यगृहात आवाज नीट ऐकूच येत नसे, हा वेगळा विषय.)

ऑगस्ट १६६१ मध्ये अर्थमंत्री फुकेने राजा चौदाव्या लुईसाठी मोठी मेजवानी दिली. मोलिएरचं नवं नाटक होतं, सजावट तोरेल्लीची. थाट इतका की राजालाच खटकला. तीन आठवड्यांत फुके तुरुंगात गेला आणि तोरेल्लीचं फ्रान्समधलं बस्तानही उठलं.

तो फानोला परतला. साठी उलटल्यावर गावासाठी पुन्हा नाट्यगृह उभारलं, १६७७ मध्ये ते सुरू झालं आणि पुढच्या वर्षी तो गेला.

आजच्या मोठ्या नाट्यगृहांत पडदे वर ओढतात तेही वजनाच्याच जोरावर. समजा पडदा दांडीसकट २०० किलोचा असेल, तर कप्पीवरून गेलेल्या दोरांच्या दुसऱ्या टोकाला २०० किलोच्या लोखंडी विटा ठेवतात. तोल साधला की एकटा माणूस तो हलवतो. पडदा काढताना मात्र विटाही उतरवायच्याच. विसरलं तर ते वजन सुसाट खाली येतं.

आणि तोरेल्लीच्या पद्धतीची, तळघरातून विंगा सरकवणारी लाकडी यंत्रं बघायची असतील तर स्वीडनमधल्या ड्रॉटनिंगहोल्मला जावं. १७६६ सालचं ते नाट्यगृह आजही चालू आहे.