पहिलं इंजिन हादऱ्यांनी मोडलं, पण किराणा दुकानात राबलेल्या ऑटोने टायमिंग जमवूनच दाखवलं

गाडीचा टायमिंग बेल्ट बदलला की कधीकधी वेगळाच ताप सुरू होतो. बेल्ट नवा, खर्चही झालेला, पण इंजिन मिसिंग करायला लागतं. उभी गाडी थडथडते, पिकअप गायब होतो आणि मीटरवर चेक इंजिनचा दिवा लागतो. मग कुणी प्लगवर शंका घेतं, कुणी पेट्रोलवर. पण बऱ्याचदा घोळ असतो फक्त बेल्टच्या एका दाताचा.

एका दाताने एवढं काय बिघडतं? त्यासाठी जर्मनीच्या एका माणसाची गोष्ट माहीत पाहिजे. त्याचं नाव निकोलस ऑगस्ट ऑटो.

ऑटोचा जन्म जून १८३२ चा, होल्झहाउझेन नावाच्या छोट्या गावातला. लहान असतानाच वडील गेले. पोरगा हुशार होता, पण इंजिनिअरिंगचं शिक्षण काही नशिबात आलं नाही. सोळाव्या वर्षी शाळा सुटली आणि तो किराणा दुकानात कामाला लागला. पुढे फिरता विक्रेता झाला. चहा, साखर असला माल घेऊन गावोगाव हिंडायचं, हे त्याचं काम.

त्याच काळात, १८६० मध्ये, पॅरिसमध्ये लेन्वार नावाच्या माणसाने गॅसवर चालणारं इंजिन आणलं. त्याची सगळीकडे चर्चा झाली. पण ते गॅस प्रचंड खायचं आणि ताकद मात्र बेताची. ऑटोने कोलोनमधल्या एका कारागिराकडून तसंच एक छोटं इंजिन बनवून घेतलं आणि खटपट सुरू केली.

एका प्रयोगात त्याने हवा आणि गॅसचं मिश्रण सिलिंडरमध्ये ओढलं, पिस्टनने ते दाबलं आणि मग पेटवलं. चाक जोरात फिरलं. आधी दाबा, मग पेटवा, यातच ताकद आहे हे त्याला कळून चुकलं.

झालं. १८६२ मध्ये त्याने चार सिलिंडरचं इंजिन उभं केलं. पण आतले स्फोट काबूत राहिले नाहीत. हादऱ्यांनी इंजिन मोडलं आणि पठ्ठ्याचे पैसेही संपत आले.

१८६४ मध्ये त्याला युजेन लांगेन भेटला. हा साखर कारखानदारीतला माणूस, हातात पैसा आणि डोक्यात इंजिनिअरिंग. दोघांनी मिळून इंजिनं बनवणारा कारखाना काढला. १८६७ च्या पॅरिस प्रदर्शनात त्यांच्या इंजिनाने सुवर्णपदक मारलं, कारण लेन्वारच्या इंजिनापेक्षा ते निम्म्याहून कमी गॅस खायचं. पुढच्याच वर्षी, १८६८ मध्ये, वर्षानुवर्षं वाट पाहणाऱ्या अॅनाशी ऑटोचं लग्न झालं.

धंदा वाढला. १८७२ मध्ये डॉइट्झच्या कारखान्यात गॉटलिब डाइमलर आणि विल्हेल्म मायबाख हे पुढे जगभर गाजलेले गडी आले. पण ऑटोच्या डोक्यातून ते मोडलेलं इंजिन गेलं नव्हतं.

शेवटी १८७६ मध्ये, म्हणजे १४ वर्षांनी, जमलं. ओढा, दाबा, पेटवा, बाहेर टाका. पिस्टनच्या चार फेऱ्या, त्यात क्रँकचे दोन फेरे आणि जाळ फक्त एकदा. त्यामुळे मिश्रण आत घेणारी आणि धूर बाहेर सोडणारी यंत्रणा क्रँकच्या बरोबर निम्म्या वेगाने फिरायला हवी. हे इंजिन इतकं शांत चालायचं की बाजारात ते ऑटोचं सायलेंट इंजिन म्हणून ओळखलं गेलं.

आजच्या गाडीत हेच निम्म्याचं गणित टायमिंग बेल्ट किंवा चेन सांभाळते. समजा कॅमच्या पुलीला ४० दात आहेत. बेल्ट एक दात सरकला की कॅम ९ अंशांनी चुकतो, म्हणजे क्रँकच्या हिशेबाने १८ अंश. व्हॉल्व्ह भलत्या वेळी उघडतात, मिश्रण नीट दाबलं जात नाही आणि ऑटोने शोधलेली ताकदच निघून जाते.

म्हणून बेल्ट बदलल्यावर इंजिन थडथडलं, तर रेस करून बघू नका. बऱ्याच इंजिनांत टायमिंग जास्त चुकलं तर पिस्टन व्हॉल्व्हवर आदळून व्हॉल्व्ह वाकतात. इंजिन बंद करा. काम करताना काढलेला एखादा सेन्सरचा कनेक्टर किंवा व्हॅक्युमचा पाइप सुटा राहिलाय का ते आधी बघा. मग कव्हर काढून क्रँक आणि कॅमच्या खुणा जुळतात का ते तपासा. पान्याने क्रँक हाताने दोन पूर्ण फेरे फिरवून पुन्हा तपासा. दोनच का? कारण तेव्हाच कॅमचा एक फेरा पूर्ण होतो. फिरवताना कुठे अडकलं तर जोर लावू नका. टेन्शनरचा ताणही बघा. शेवटी कॉम्प्रेशन टेस्ट. सगळ्या सिलिंडरमध्ये सारखंच कमी आलं तर टायमिंगवर संशय, एकाच सिलिंडरमध्ये कमी आलं तर वाकलेल्या व्हॉल्व्हवर.

ऑटोला मात्र शेवटी वेगळाच दणका बसला. फ्रान्सच्या बो द रोशा याने चार फेऱ्यांची कल्पना १८६२ मध्येच कागदावर मांडली होती. त्याने इंजिन कधी बनवलं नव्हतं. पण त्या कागदाच्या जोरावर १८८६ मध्ये जर्मनीत ऑटोच्या पेटंटचा मुख्य भाग रद्द झाला. चार फेऱ्यांचं इंजिन बनवायला सगळ्यांना रान मोकळं झालं. ऑटोसाठी हा घाव मोठा होता. २६ जानेवारी १८९१ ला, वयाच्या ५८ व्या वर्षी, कोलोनमध्ये तो गेला.

पेटंट गेलं, पण नाव राहिलं. पेट्रोल इंजिनाच्या या चक्राला आजही ऑटो सायकलच म्हणतात. आणि त्याचा मुलगा गुस्ताव याने काढलेल्या विमान कारखान्यातून पुढे जी कंपनी उभी राहिली, ती आजच्या बीएमडब्ल्यूच्या मुळांपैकी एक आहे.