परंगीपेट्टईचा पोलादकर्ता : जोसाया मार्शल हीथ

चेन्नईहून तंजावरकडे जाणाऱ्या जुन्या लोहमार्गावर कडलूर मागे पडून चिदंबरम जवळ येऊ लागले, म्हणजे परंगीपेट्टई नावाचे एक लहानसे स्थानक लागते. बृहदीश्वराच्या मंदिरातील मराठी शिलालेख वाचावयास आणि सरस्वती महालातील मोडी कागद पाहावयास आम्ही मराठी मंडळी ह्या वाटेने कितीदा तरी गेलो असू; परंतु ह्या स्थानकावर उतरावे असे आमच्यापैकी फारसे कोणास वाटलेले नाही. वेल्लार नदीच्या मुखाशी वसलेल्या ह्या गावास पोर्तुगीजांनी पोर्तो नोव्हो, म्हणजे नवे बंदर, असे नाव दिले. तमिळ लोकांनी त्यास परंग्यांची पेठ म्हटले. त्यांचा परंगी तोच आपला फिरंगी. ह्याच गावी १८३० साली जोसाया मार्शल हीथ नावाच्या एका इंग्रजाने लोखंड गाळण्याचा कारखाना उभारला. आज त्याचे नाव धातुशास्त्राच्या ग्रंथांत आढळते. ज्या किनाऱ्यावर त्याने आपले सर्वस्व लावले, तेथे मात्र ते कोणाच्या तोंडी नाही. आमच्यापैकी अनेकांना पेरांबूर, अंबत्तूर आणि एन्नोर येथील कारखान्यांनी ह्या नगरीत आणले व पोसले. त्या ऋणाच्या पोटी ह्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत त्याचे चरित्र थोडक्यात सांगावे, असे आम्हांस वाटले.

हीथ हा मूळचा लोहार नव्हे, की यंत्रविद्येचा पंडितही नव्हे. तो ईस्ट इंडिया कंपनीच्या मद्रास इलाख्यातील मुलकी सेवेचा अधिकारी. सेलम येथे कंपनीचा व्यापारी रेसिडेंट म्हणून त्याची नेमणूक होती. विणकऱ्यांकडून कापड घ्यावे, हिशेब पाहावेत, माल बंदराकडे रवाना करावा, असे त्या हुद्द्याचे काम. परंतु डोळे उघडे ठेवून हिंडण्याची त्याला आवड होती. पशुपक्ष्यांचे नमुने जमवून तो इंग्लंडला पाठवीत असे. मद्रासकडून गेलेल्या एका पिवळसर पोटाच्या वटवाघळास १८३१ साली शास्त्रीय नाव देण्यात आले, त्यात हीथचे नाव गुंफलेले आहे. संध्याकाळी चेन्नईच्या आकाशात भिरभिरणारा हा जीव अद्यापि ते नाव वागवीत आहे.

सेलमच्या आसपास कंजमलैसारख्या डोंगरांत चुंबकीय लोहखनिजाचे थरच्या थर आहेत. तेथील गावोगावच्या लहान भट्ट्यांतून शतकानुशतके लोखंड आणि त्यापासून पोलाद निघत असे. कन्नड भाषेत ह्या पोलादास उक्कू म्हणत; त्याचेच पुढे इंग्रजीत वुट्झ झाले. आपल्या मुंबईचा ह्या कथेशी संबंध येतो तो येथे. मुंबईतील डॉक्टर हेलेनस स्कॉट ह्याने अठराव्या शतकाच्या अखेरीस ह्या पोलादाच्या वड्या लंडनच्या रॉयल सोसायटीकडे पाठविल्या, १७९५ मध्ये तेथे त्यांवर निबंध वाचला गेला, आणि पुढे लोहाराच्या पोटी जन्मलेल्या मायकेल फॅरडेनेही त्यांचे पृथक्करण केले. लंडनचे विद्वान वडी फोडून जे रहस्य शोधीत होते, ते सेलमच्या रेसिडेंटास घराबाहेर पडताच दिसत होते.

ते रहस्य काय होते, हे हीथने पुढे रॉयल एशियाटिक सोसायटीपुढे मांडलेल्या निबंधात सविस्तर लिहिले आहे. तो निबंध १८३९ साली प्रसिद्ध झाला. लोखंडाचे बारीक तुकडे करून ते मातीच्या मुशीत भरावयाचे. त्यांबरोबर तरवडाचे वाळलेले लाकूड घालावयाचे. वर रुईची एकदोन हिरवी पाने ठेवावयाची. आणि मळलेल्या मातीचा गोळा ठासून मुशीचे तोंड घट्ट बंद करावयाचे. अशा वीस-चोवीस मुशी एका लहान भट्टीत कमानीसारख्या रचून भात्याने सुमारे अडीच तास धमकावयाच्या. निवल्यावर मूस फोडली म्हणजे तिच्या बुडाच्या आकाराची पोलादाची वडी हाती येई. रस नीट जमला असला, तर वडीच्या माथ्यावर मध्यापासून कडेकडे जाणाऱ्या रेषा उमटलेल्या दिसत. नंतर ही वडी कोळशाच्या धगीत कित्येक तास मुरवून मगच तिच्या सळ्या ओढीत. देशावर माळरानी उगवणारा तरवड आणि मारुतीला वाहिली जाणारी रुई ह्यांचा पोलादाशी असा संबंध असावा, हे वाचून आम्हांस प्रथम नवलच वाटले.

ह्या कृतीतील सारे मर्म मुशीच्या बंद तोंडात आहे. लोखंडात अत्यल्प कार्बन मिसळला की पोलाद होते. इंग्लंडमध्ये त्यासाठी लोखंडाच्या पट्ट्या कोळशाच्या भुकटीत पुरून कित्येक दिवस तापवीत ठेवावे लागे. सेलमच्या कारागिराच्या मुशीत लाकूड आणि पाने जळून कार्बनयुक्त वायू होई, तो आतच कोंडून राही, आणि बाहेरची हवा मुळीच आत शिरत नसे; म्हणून दिवसांचे काम तासांत होई. युरोपातील रसायनज्ञांनी नुकतेच जे तत्त्व शोधून काढले होते, ते येथील निरक्षर लोहारांना पूर्वापार अवगत असल्याची कबुली हीथने मोकळेपणी दिली आहे. मात्र त्याने ज्यांच्या भट्ट्या पाहिल्या, त्या कारागिरांपैकी एकाचेही नाव आपल्यापर्यंत आलेले नाही.

तापलेले पोलाद आणि हवा ह्यांचे वैर किती जुने, हे तार ओढणाऱ्यास विचारावे. १८०० सालच्या एप्रिलमध्ये मद्रासहून म्हैसूरकडे निघालेल्या फ्रान्सिस बुकॅननने चन्नपट्टण येथे वाद्यांसाठी पोलादी तारा होत असल्याची नोंद केली आहे. त्या तारांना दूरदूरच्या प्रांतांतून मागणी असे. अशी तार कामाची व्हावयाची, तर पोलाद लाल होईतो तापवून एकदम निववावे लागते. आपले लोहार ह्यासच पाणी देणे म्हणतात. एवढ्याने ते कठीण होते, पण काचेसारखे ठिसूळही होते. म्हणून पुन्हा बेताने तापवून त्याचा ठिसूळपणा उतरवावा लागतो. ह्या दोन्ही वेळी हवा लागली, तर पृष्ठभागावर कीट धरते आणि वरच्या थरातील कार्बन जळून जातो. जाड सळईचे त्याने फारसे बिघडत नाही. तारेचे मात्र सर्वस्व जाते. तंबोऱ्याच्या पोलादी तारेइतकी, समजा ०.३ मिलिमीटर जाडीची, तार घेतली आणि तिची वरची ०.०१ मिलिमीटर साल खराब झाली, तर तारेचा जवळजवळ आठवा हिस्सा निकामी होतो. तितकीच साल ३० मिलिमीटर जाडीच्या सळईची गेली, तर हानी हजारात दीड भागही होत नाही. म्हणून आज तारेच्या कारखान्यांत नळीसारख्या भट्टीतून नायट्रोजन-हायड्रोजनच्या आवरणात तार सरकत जाते, किंवा वितळलेल्या शिशात बुडून तापते वा निवते, आणि चकचकीत बाहेर पडते. हवेला दाराबाहेर ठेवण्याचे सेलमच्या मुशीचेच हे तत्त्व होय.

सेलमच्या लहान भट्ट्यांतील ही विद्या मोठ्या प्रमाणावर चालवावी, ह्या ध्यासाने हीथने कंपनीची सुखाची नोकरी सोडली. इंग्लंडला जाऊन त्याने लोखंड गाळण्याच्या पद्धती पाहिल्या, मद्रास सरकारकडून सवलती आणि कर्जाऊ रकमा मिळविल्या, आणि परंगीपेट्टईला भट्टी पेटविली. पुढे मलबार किनाऱ्यावर बेपूर येथेही कारखाना निघाला. तेथील कच्चे लोखंड जहाजांतून शेफील्डला जाऊ लागले आणि पोलादासाठी उत्तम म्हणून वाखाणले गेले. भागीदारांची कंपनी स्थापन झाली, तिच्या नावात लोखंड व पोलाद ह्यांच्या जोडीला क्रोमही होते. सेलमकडे क्रोमचे खनिज सापडले होते. त्या काळी त्याचा उपयोग मुख्यतः रंगांसाठी होई. तोच धातू पोलादास गंजापासून वाचवितो, हे कळावयास आणखी जवळजवळ ऐंशी वर्षे जावयाची होती. कंजमलैच्या पायथ्याशी १९८१ साली सुरू झालेल्या सेलमच्या पोलाद कारखान्यात क्रोममिश्रित न गंजणारे पत्रे निघाले, तेव्हा त्या जुन्या नावाचे वर्तुळ नकळत पुरे झाले.

हीथचा कारखाना मात्र भरभराटीस आला नाही. खनिज सेलमकडे, भट्टी समुद्रकाठी, आणि इंधन म्हणजे लाकडी कोळसा. भट्टीची भूक मोठी. जवळची झाडे संपली की कोळसा दुरून आणावा लागे, आणि जितके अंतर वाढे तितका नफा आटे. सेलमच्या कारागिराची भट्टी लहान होती, म्हणून ती रानाच्या वाढीशी जमवून घेऊ शके. हीथची भट्टी रानाला पुढे पळवीत नेई. हीथचा पैसा त्यात बुडाला, सरकारी कर्जही अंगावर राहिले. हीथमागेही कारखाना नव्या कंपनीच्या हाती काही वर्षे रखडला आणि १८६०-७० ह्या दशकात कायमचा थंडावला.

कर्जबाजारी होऊन इंग्लंडला परतलेल्या ह्या मनुष्याने पोलादाच्या इतिहासातील एक मोठा शोध लावला, ही त्याच्या चरित्रातील सर्वांत विलक्षण घटना होय. शेफील्डचे उत्तम पोलाद त्या वेळी स्वीडनहून येणाऱ्या महाग लोखंडापासून होई. इंग्लंडच्या स्वस्त लोखंडाचे पोलाद घणाखाली फुटे आणि त्याचा सांधा धरत नसे. मुशीत थोडेसे मँगनीज व कार्बन ह्यांचे संयुग, शेकडा एक ते तीन भाग, टाकले की हा दोष जातो, असे हीथने दाखविले आणि ५ एप्रिल १८३९ रोजी त्याचे पेटंट घेतले. बंद मूस बाहेरची हवा अडविते. परंतु पोलादाच्या रसात जो प्राणवायू आधीच मुरलेला असतो, त्याचे काय? मँगनीज त्यास आपल्याकडे ओढून मळीत घेऊन जाते, गंधकासही बांधून ठेवते. बाहेरच्या शत्रूस सेलमच्या कारागिराने रोखले होते. घरात शिरलेल्या शत्रूस हीथने रोखले. शिवाय मँगनीजमुळे पोलादास दिलेले पाणी अधिक खोलवर पोचते. शेफील्डमध्ये पोलादाच्या किमती उतरल्या आणि कारखानदार श्रीमंत झाले.

हीथ मात्र झाला नाही. मँगनीजचे संयुग निराळे तयार करण्यापेक्षा मँगनीजचे काळे भस्म आणि डांबर मुशीतच घातले तर तेच कार्य कमी खर्चात होते, हे त्याच्या ध्यानी आले. ही युक्ती त्याने आपल्या गिऱ्हाइकांस विश्वासाने सांगितली. पेटंटाच्या शब्दांत ती घालावयाची राहिली. त्याचाच एक काळचा अडत्या अन्विन ह्याने ती उचलली आणि अधिकारशुल्क देण्याचे नाकारले. पेटंटात संयुगाचे नाव आहे, भस्माचे नाही, हा त्याचा मुद्दा. वस्तुतः मुशीच्या आत भस्म व डांबर मिळून प्रथम तेच संयुग होते, असे हीथचे म्हणणे. खटला एका न्यायालयातून दुसऱ्यात असा वर्षानुवर्षे फिरला. न्यायमूर्तींतही मतभेद झाले. ह्या धावपळीत पिचून हीथ १८५१ साली निवर्तला. पेटंटाची १४ वर्षांची मुदत १८५३ मध्ये सरली. अखेरचा निकाल १८५५ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने दिला, आणि तो हीथच्या विरुद्ध गेला.

त्याच्या शोधाचे खरे मोल त्यानंतर कळले. १८५४ साली बर्मिंगहॅमनजीकच्या जेम्स हॉर्सफॉलने पोलादी तार तापवून व निववून चिवट करण्याची कृती पेटंट केली. १८६६ च्या अटलांटिक समुद्रतारेच्या संरक्षक वेष्टनात त्याची तार होती. १८५६ साली बेसेमरने हवेचा झोत वितळलेल्या लोखंडातूनच नेण्याची पद्धती काढली. त्या रसात उरलेला प्राणवायू काढावयास रॉबर्ट मशेटला मँगनीजचाच आश्रय घ्यावा लागला. मशेटचे पेटंटही शुल्क न भरल्यामुळे गेले. पण पुढे बेसेमरने त्यास सालिना ३०० पौंड दिले. हीथच्या वाट्यास तेवढेही आले नाही. आज रुळांत, स्प्रिंगांत, पुलांच्या दोरांत, तंबोऱ्याच्या तारेत, असे मँगनीजविरहित पोलाद क्वचितच सापडेल.

हीथवर अन्याय झाला, ह्यात आम्हांस शंका नाही. परंतु त्याची कथा सांगताना सेलमच्या त्या मुशी आमच्या डोळ्यांपुढून हलत नाहीत. एका शब्दाच्या उणिवेमुळे हीथचा हक्क बुडाला. ज्यांच्या अंगणात उभे राहून तो शिकला, त्यांच्या हक्काची तर नोंद करण्यासही कोणते कार्यालय नव्हते. परदेशी लोखंड स्वस्त झाले, रानांवर निर्बंध आले, आणि एकेक करून त्या भट्ट्या विझल्या. हीथने निदान त्यांची कृती जशीच्या तशी लिहून ठेवली आणि ती त्यांची आहे असे म्हटले. त्याच्या शत्रूंनी त्याच्याशी इतकाही प्रामाणिकपणा दाखविला नाही.

आम्हीही दुसऱ्यांच्या प्रदेशात येऊन, तेथील माणसांकडून शिकून उभे राहिलेले लोक. ह्या पन्नास वर्षांच्या टप्प्यावर, कोणाकडून काय घेतले हे लिहून ठेवण्याचे हीथचे शील आम्हांस घेण्याजोगे वाटते. पुढच्या खेपेस तंजावरला जाताना परंगीपेट्टईचे स्थानक लागेल, तेव्हा मुलांना जागे करून एवढी गोष्ट अवश्य सांगावी.