भाऊच्या धक्क्यापलीकडचे भाऊ

उरणला हॉस्टेलवर राहणाऱ्या प्रत्येकाने एकदा तरी मोऱ्याहून लाँच पकडून भाऊचा धक्का गाठलेला असतो. २०२४ मध्ये उरणला लोकल आली, तरी लाँचची मजा वेगळीच! हे धक्क्याचे भाऊ कोण, असं विचारलं तर काही जण छातीठोकपणे सांगतात, भाऊ दाजी लाड. मित्रांनो, साफ चूक! धक्का बांधणारे भाऊ म्हणजे लक्ष्मण हरिश्चंद्र अजिंक्य. भाऊ दाजींना भेटायचं तर धक्क्यावरून पुढे भायखळ्याला, राणीच्या बागेत जावं लागतं. तिथे आपण पेंग्विन बघायला पळतो आणि शेजारची संग्रहालयाची देखणी इमारत राहूनच जाते.

भाऊंचं खरं नाव रामचंद्र विठ्ठल लाड. जन्म गोव्यातला, १८२२ सालचा. घरची परिस्थिती बेताची. पोरगा बुद्धिबळात मात्र भलताच तरबेज. त्याची चमक बघून एका साहेबाने वडिलांना गळ घातली की याला इंग्रजी शिकवा. भाऊ एल्फिन्स्टनमध्ये शिकले आणि तिथेच शिक्षक झाले. कच्छ-काठेवाडात जन्मत:च मुलींना मारण्याची चाल होती, त्यावर निबंध लिहून त्यांनी बक्षीस मिळवलं. १८४५ मध्ये ग्रँट मेडिकल कॉलेज निघालं तेव्हा हा शिक्षक पुन्हा विद्यार्थी होऊन बाकावर बसला. १८५१ मध्ये पहिल्या तुकडीतून डॉक्टर होऊन बाहेर पडला. प्रॅक्टिस जोरात चालली. भाऊ नारायण हेही डॉक्टर. दोघांनी मिळून गरिबांसाठी मोफत दवाखाना चालवला.

एखाद्याने इथेच थांबून आरामात आयुष्य काढलं असतं. पण भाऊ आपल्या 'ब्रँच'मध्ये कधी मावलेच नाहीत. जुन्या वैद्यकग्रंथांतली औषधं ते तपासून बघत, कुष्ठरोगावर उपाय शोधत. फोटोग्राफी नवी होती, तिचाही नाद लागला. अजिंठ्याचे आणि जुनागढचे शिलालेख वाचले, कालिदासाच्या काळावर निबंध लिहिला. १८६४ मध्ये मलबारात त्यांना आर्यभटाच्या ग्रंथाची हस्तलिखितं मिळाली. आर्यभटाचा जन्म इसवी सन ४७६ चा, हे आज आपण क्विझमध्ये पटकन सांगतो. ते जगापुढे नीट मांडलं एका मराठी डॉक्टरने, १८६५ मध्ये!

हे निबंध टाउन हॉलमधल्या एशियाटिक सोसायटीत वाचले जात. पण तिथे पोचणारी माणसं किती? बाकीच्यांचं काय? एल्फिन्स्टनच्या विद्यार्थ्यांनी १८४८ मध्ये एक सभा काढली होती. तिच्या मराठी आणि गुजराती शाखांत लोकांना समजेल अशा भाषेत व्याख्यानं होत. १८४९ मध्ये त्याच पोरांनी मुलींच्या शाळा उघडल्या. भाऊ पुढे या सभेचे पहिले भारतीय अध्यक्ष झाले आणि मुलींच्या शिक्षणाच्या पाठीशी ठाम उभे राहिले.

संग्रहालयाची कथा तर आणखी अडचणींची. कोटातल्या बराकीत सरकारी संग्रह होता. १८५७ च्या धामधुमीत लष्कराला जागा हवी झाली आणि वस्तूंची पार वाताहत झाली. मग लोकवर्गणीतून नवी इमारत उभारायचं ठरलं. नाना शंकरशेट पुढे होते, भाऊ समितीचे चिटणीस. १८६२ मध्ये पायाभरणी झाली. १८६५ मध्ये शेअर बाजार कोसळला, वर्गणी आटली, भाऊंचाही पैसा बुडाला. शेवटी सरकारने काम पुरं केलं आणि १८७२ मध्ये संग्रहालय उघडलं. कारागिरांच्या वस्तू, मातीच्या प्रतिकृती, मुंबईचे नकाशे... ज्याला अक्षरओळख नाही तोही इथे डोळ्यांनी शिकू शकत होता. टाउन हॉलमध्ये जे जमत नव्हतं ते इथे जमलं.

दोनच वर्षांनी, मे १८७४ मध्ये, भाऊ गेले. जेमतेम बावन्न वर्षांचं आयुष्य. त्यांचं नाव संग्रहालयाला मिळायला १९७५ साल उजाडलं. पुढे इमारतीची दुर्दशा झाली, मग मोठी दुरुस्ती झाली, २००५ मध्ये युनेस्कोचा पुरस्कार मिळाला आणि २००८ मध्ये दारं पुन्हा उघडली. त्यानंतर तिथे कला, इतिहास आणि साहित्यावर व्याख्यानं, कार्यशाळा आणि अभ्यासक्रम होत आले. म्हणजे भाऊंच्या मनातलं काम चालूच राहिलं.

एक गंमत सांगतो. इमारतीबाहेर एक दगडी हत्ती उभा आहे. तो आपला गाववाला! घारापुरी आपल्याच उरण तालुक्यात. पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा म्हटलं ते याच हत्तीवरून. १८६४ मध्ये त्याला इंग्लंडला न्यायचा घाट घातला, तर उचलताना त्याचे तुकडे झाले. १९१४ मध्ये ते पुन्हा जोडले.

आपण गेस्ट लेक्चरला अटेंडन्ससाठी बसतो आणि मागच्या बाकावर सबमिशन उतरवतो (मीही!). आपल्या सिलॅबसबाहेरचं काही ऐकायची सोय व्हावी म्हणून एका डॉक्टरने वर्गणीची वही घेऊन वर्षं घालवली, हे कळल्यावर मला तरी जरा लाज वाटली. पुढच्या वेळी धक्क्यावर उतरलात की भायखळ्याला जा. आधी हत्तीला भेटा, मग आत शिरा. तिथे एखादं व्याख्यान चालू असेल तर बसा. अटेंडन्स मिळणार नाही, पण भाऊंचं थोडं देणं फिटेल.