तात्या टोपे आणि बडोद्याची हुकलेली वाट

बडोद्याहून छोटा उदेपूर साधारण १०० किलोमीटर. १ डिसेंबर १८५८ रोजी तात्या टोपे तिथपर्यंत येऊन पोहोचले होते, आणि त्यांना पोहोचायचे होते आपल्या बडोद्यात. शाळेच्या पुस्तकात काल्पी, ग्वाल्हेर, शिवपुरी येतात. हा टप्पा मात्र बहुधा सुटतो.

त्यांचे मूळ नाव रामचंद्र पांडुरंग येवलेकर. जन्म सुमारे १८१४ चा, नाशिककडील येवल्याचा. १८१८ मध्ये राज्य गेल्यावर दुसरे बाजीराव ब्रह्मावर्तास (बिठूरला) राहायला गेले. तात्यांचे वडील त्यांच्या पदरी होते, त्यामुळे तात्या तिथेच नानासाहेबांच्या सहवासात वाढले. ‘टोपे’ हे नाव टोपीवरून पडले की तोफेवरून, याचा वाद अजून चालू आहे. लष्करी शिक्षण म्हणाल तर काहीच नाही. म्हणूनच त्यांनी पुढे जे केले त्याचे नवल वाटते.

त्यांच्या लढायांचा कणा होते ग्वाल्हेर कंटिन्जंटचे पायदळ. या पलटणींचा पगार शिंद्यांच्या तिजोरीतून, पण अधिकारी इंग्रज. १४ जून १८५७ रोजी त्या उठल्या. मात्र महाराज जयाजीराव शिंद्यांनी त्यांना कित्येक महिने ग्वाल्हेरातच झुलवत ठेवले. तात्यांनी जाऊन त्यांना वळवले, काल्पीला आणले आणि यमुना ओलांडली. २६ ते २८ नोव्हेंबरच्या लढाईत या कवायती शिपायांनी जनरल विंडहॅमला कानपूरच्या तटबंदीत कोंडले. इंग्रजी फौजेला खुल्या मैदानात मागे रेटण्याचे प्रसंग त्या युद्धात फार थोडे आले. ६ डिसेंबरला सर कॉलिन कॅम्पबेलने डाव उलटवला. पुढे चरखारी जिंकली, पण बेतवा, कोंच, काल्पी असे पराभव होत गेले. १ जून १८५८ रोजी शिंद्यांचीच फौज येऊन मिळाली आणि ग्वाल्हेर हाती आले. तेही तीन आठवडे टिकले नाही. राणी लक्ष्मीबाई तिथेच पडल्या.

यानंतर तात्यांची लढाई बदलली. तोफा मिळत आणि जात, पायदळ मागे पडत गेले, उरले मुख्यतः घोडेस्वार. राजपुताना, माळवा, बुंदेलखंड असे फिरत ऑक्टोबरअखेर ते रावसाहेबांसह नर्मदेपार उतरले. पेशवाई बुडाल्यावर ४० वर्षांनी पेशव्यांचे निशाण पुन्हा दक्षिणेच्या वाटेला लागले होते! पण नागपूरकडून साथ मिळाली नाही. तेव्हा ते पश्चिमेला वळले. मेजर सदरलँड आपले काही गोरे पायदळ चक्क उंटांवर बसवून पाठलाग करत होता. तोफा टाकून देऊन तात्या पुन्हा नर्मदा उतरून अलीकडे आले.

बडोद्याचीच आशा का? इथे मराठ्यांचे राज्य होते, मराठी सरदार, शिलेदार, कारकून यांची वस्ती होती. ग्वाल्हेरात फौज धन्याला सोडून आली, तसे इथेही होईल असा हिशेब असावा. पण खंडेराव महाराज इंग्रजांच्या बाजूने ठाम होते. आपल्यातल्या अनेक जुन्या घराण्यांचे पूर्वज तेव्हा याच दरबारच्या चाकरीत होते, हे विसरून तात्यांचा गौरव करणे सोपे आहे. धन्याशी इमान राखणारे इथले मराठी लोक आणि पेशव्यांच्या नावाने दारापर्यंत आलेले तात्या, दोघेही आपलेच. ते समोरासमोर आले असते तर काय झाले असते, ते कोणी सांगावे?

तशी वेळ आली नाही. छोटा उदेपूरला ब्रिगेडियर पार्कने दमलेल्या फौजेला गाठले. तात्या निसटले, पण बडोद्याची वाट बंद झाली. बांसवाड्याच्या जंगलातून ते पुन्हा उत्तरेला गेले. नरवरच्या मानसिंगाने दगा दिल्याने ७ एप्रिल १८५९ च्या रात्री पाडोणच्या रानात ते पकडले गेले आणि १८ एप्रिलला शिवपुरीत त्यांना फाशी झाली.

खंडेराव महाराजांना निष्ठेबद्दल इंग्रजांनी गुजरात इररेग्युलर हॉर्ससाठी द्यावी लागणारी सालीना ३ लाखांची रक्कम माफ केली. आणि तात्यांचे सावत्र भाऊ रामकृष्ण टोपे? ते १८६२ मध्ये बडोद्यातच होते. इथल्या असिस्टंट रेसिडेंटपुढे त्यांनी दिलेली जबानी तात्यांच्या कुटुंबाची माहिती देणाऱ्या मोजक्या कागदांपैकी एक आहे.